५९०, ३५१ की १९४? बारीक कॉलमचा बकलिंग भार

प्रश्न थोडक्यात असा आहे. स्टीलचा गोल पोकळ कॉलम, बाहेरचा व्यास ११४.३ मिमी, जाडी ४.५ मिमी, उंची ४ मीटर, स्टीलची यील्ड स्ट्रेंग्थ (ज्या ताणाला स्टील कायमचे विरूप होऊ लागते) २५० मेगापास्कल. तळाला चार बोल्टची बेस प्लेट, वर तुळई. बकलिंगसाठी, म्हणजे दाबाखाली कॉलम बाजूला वाकून जाण्यासाठी, ऑयलरच्या सूत्राने हाताने गणित केल्यावर ५९० किलोन्यूटन आले, सॉफ्टवेअरच्या बकलिंग अ‍ॅनालिसिसने ३५१ दिले आणि कोडमधल्या वक्रावरून १९४ आले. कॉलमवर येणारा फॅक्टर्ड (सुरक्षेसाठी वाढवून धरलेला) भार १५० किलोन्यूटन आहे. यातला खरा आकडा कोणता?

बेरीज-गुणाकार पाहिले तर तिन्ही आकडे बरोबर आहेत. पण ते एकाच कॉलमचे नाहीत. पहिला आकडा तळाशी घट्ट बसवलेल्या, अगदी सरळ आणि कधीही यील्ड न होणाऱ्या कॉलमचा. दुसरा दोन्ही टोकांना हिंज (टोक फिरू शकते, सरकू शकत नाही) असलेल्या, पण मध्ये मोकळेपणाने वाकू न दिलेल्या कॉलमचा. तिसरा कारखान्यातून जसा येतो तशा किंचित वाकड्या कॉलमचा. प्रत्यक्ष उभा राहणार आहे तो कॉलम या तिसऱ्याच्या सर्वांत जवळचा आहे, पण तेही एका अटीवर. ती अट पुढे येईल.

आधी सेक्शनचे गुणधर्म, कारण पुढचे सगळे त्यावरच चालते. क्षेत्रफळ १५५२ चौरस मिमी. मोमेंट ऑफ इनर्शिया, म्हणजे आय, २३.४३ लाख मिमी⁴. रेडियस ऑफ जायरेशन ३८.८५ मिमी. पाइप गोल असल्यामुळे सगळ्या दिशांना हेच. ई, म्हणजे स्टीलचा स्थितिस्थापकता गुणांक, २,००,००० मेगापास्कल. आता ऑयलर:

पी-क्रिटिकल = पाय² × ई × आय ÷ (के × एल)²

एल म्हणजे उंची आणि के म्हणजे टोके कशी बांधली आहेत त्यावरून ठरणारा गुणांक. दोन्ही टोके हिंज असतील तर के = १. उत्तर २८९ किलोन्यूटन. तळ पूर्ण फिक्स आणि वरचे टोक हिंज धरले तर के = ०.७ आणि उत्तर २८९ भागिले ०.४९, म्हणजे ५९०. तुमचा पहिला आकडा इथून आला.

तो आकडा हातात आला तेव्हाच एक साधी तपासणी करायला हवी होती. संपूर्ण सेक्शन यील्ड व्हायला किती भार लागतो? २५० गुणिले १५५२, म्हणजे ३८८ किलोन्यूटन. बकलिंग मुळीच झाले नाही, कॉलम वीतभर उंचीचा असला, तरी ३८८ च्या पलीकडे तो जाऊ शकत नाही. मग ५९० हा भार कोण उचलणार? ऑयलरचे उत्तर यील्ड भारापेक्षा जास्त आले की त्याचा अर्थ एवढाच घ्यायचा की या कॉलमची मर्यादा ऑयलर ठरवत नाही. स्लेंडरनेस रेशोच्या (के × एल ÷ रेडियस ऑफ जायरेशन) भाषेत सांगायचे तर २५० मेगापास्कलच्या स्टीलसाठी ही सीमा ८९ च्या आसपास येते: पाय गुणिले (ई भागिले यील्ड) चे वर्गमूळ. ३५० च्या स्टीलसाठी ती ७५ वर येते. तुमच्या कॉलमचा रेशो के = १ ला १०३, आणि के = ०.७ ला ७२.

ऑयलरने हे सूत्र १७४४ मध्ये मांडले. त्याआधी १७२९ मध्ये मुशेनब्रुकने लाकडी दांड्यांवर प्रयोग करून भार लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटतो हे दाखवले होते. ऑयलरच्या गणितातला कळीचा मुद्दा असा: कॉलम जरा वाकवून धरला, तर भार आणि बाजूला सरकलेले अंतर यांचा मोमेंट त्याला आणखी वाकवायला बघतो, आणि ई गुणिले आय त्याला सरळ करायला बघतो. ज्या भाराला ही दोन्ही बरोबरीत येतात तो क्रिटिकल भार. या सगळ्यात स्टीलची ताकद कुठेही येत नाही, येतो तो फक्त ताठरपणा. म्हणून मी ऑयलरच्या भाराकडे कॉलमची ताकद म्हणून कधी पाहत नाही. तो ताठरपणाचे माप आहे, भाराच्या एककात लिहिलेले. ही नजर ठेवली की पुढचे कोडे बरेचसे सुटते.

आता ३५१. सॉफ्टवेअरने दिलेला हा आकडा पाहताच मॉडेल कसे केले असेल ते कळते. ३५१ भागिले २८९ म्हणजे १.२१६. हिंज-हिंज कॉलम जर एकाच एलिमेंटने (मॉडेलमधल्या तुकड्याने) मॉडेल केला तर नेहमीच्या बीम एलिमेंटचे उत्तर १२ × ई × आय ÷ एल² येते, खरे उत्तर ९.८७ × ई × आय ÷ एल² असताना. १२ भागिले ९.८७ म्हणजे १.२१६. एलिमेंटच्या आत वाकण्याचा आकार तिसऱ्या घाताच्या बहुपदीचा धरलेला असतो. कॉलमला हवा असतो साइन वक्र. हवा तो आकार घेता येत नाही म्हणून कॉलम खोटा ताठ वाटतो, आणि चूक नेहमी असुरक्षित बाजूला जाते. त्याच कॉलमचे दोन एलिमेंट करा, चूक एक टक्क्याच्या आत येते. चार केले की विसरून जा. एका बाजूला फिक्स असलेल्या कॉलममध्ये एकच एलिमेंट ठेवला तर उत्तर जवळजवळ दीडपट येते, तेव्हा हा किरकोळ मुद्दा नाही. बऱ्याच फ्रेम प्रोग्राममध्ये सांध्यापासून सांध्यापर्यंत एकच एलिमेंट ही आपोआपची मांडणी असते. बेंडिंगच्या साध्या अ‍ॅनालिसिसला ते पुरते, बकलिंगला पुरत नाही.

आणखी एक गोष्ट या निमित्ताने तपासा. हाताच्या गणितात तळ फिक्स होता आणि मॉडेलमध्ये हिंज. म्हणजे दोन्ही उत्तरांची तुलना मुळातच होत नव्हती.

मॉडेल सुधारून २८९ आले तरी तो पुन्हा ऑयलरच. लिनियर बकलिंग अ‍ॅनालिसिस म्हणजे ऑयलरचे गणित मोठ्या फ्रेमवर चालवणे. त्यात वाकडेपणा नाही, यील्ड नाही, रेसिड्युअल स्ट्रेस नाही. ते मिळवायला जिऑमेट्रिक आणि मटेरियल नॉन-लिनियर अ‍ॅनालिसिस करावे लागते, आणि त्यातही सुरुवातीचा वाकडेपणा स्वतः द्यावा लागतो. नाहीतर प्रोग्राम आदर्श सरळ कॉलम दाबत राहतो आणि तो खुशाल दाबला जातो.

वाकडेपणा किती फरक पाडतो ते याच पाइपवर करून पाहू. समजा मध्यभागी ४ मिमी वाकडेपणा आहे, म्हणजे लांबीचा हजारावा भाग. डोळ्याला दिसणार नाही. भार लावला की हा वाकडेपणा १ ÷ (१ − पी ÷ पी-क्रिटिकल) या पटीने वाढतो. १०० किलोन्यूटनला दीडपट, म्हणजे ६ मिमी. २०० ला सव्वातीनपट. २२५ ला साडेचारपट, १८ मिमी. आता २२५ ला स्ट्रेस मोजा: थेट दाबाचा १४५ मेगापास्कल, आणि १८ मिमी विकेंद्रितेमुळे येणाऱ्या मोमेंटचा ९९. बेरीज २४४. आणखी दोन किलोन्यूटन टाकले की आतल्या बाजूचा कडेचा धागा २५० ला यील्ड होतो. म्हणजे २८९ चा कॉलम २२७ ला हार मानू लागला, तोही ४ मिमी वाकडेपणावर. वाकडेपणा ८ मिमी धरा, हाच आकडा १९८ होतो.

आकड्यांचा कल पाहा. शेवटच्या टप्प्यात भार दहा टक्क्यांनी वाढवला तर मोमेंट पन्नास टक्क्यांनी वाढतो. बारीक कॉलम आधी सूचना देत नाही असे म्हणतात ते यामुळेच. सूचना असते, पण ती भाराच्या शेवटच्या काही टक्क्यांत दडलेली असते.

हेच गणित एर्टन आणि पेरी यांनी १८८६ मध्ये मांडले, रॉबर्टसनने १९२५ च्या सुमारास प्रयोगांशी जुळवून घेतले, आणि आजचे युरोकोड ३ (युरोपचा स्टील कोड) आणि आयएस ८०० : २००७ (भारताचा) यांचे वक्र त्याच घरातले आहेत. दोन्हींमध्ये वाकडेपणाचा एक गुणांक असतो: वक्र ए साठी ०.२१, बी साठी ०.३४, सी साठी ०.४९, डी साठी ०.७६. सेक्शन कसा बनवला त्यावर वक्र ठरतो. तुमचे १९४ आले आहे वक्र बी वरून: नॉन-डायमेन्शनल स्लेंडरनेस (१०३ भागिले ८९) १.१६, रिडक्शन फॅक्टर ०.५०, गुणिले ३८८. गंमत म्हणून उलटे गणित केले तर या कॉलमसाठी वक्र बी म्हणजे सुमारे ८.६ मिमीचा वाकडेपणा निघतो. कुणी पाइप मोजून ८.६ मिमी आणलेले नाहीत. प्रत्यक्षातला वाकडेपणा साधारण याच्या निम्मा किंवा कमी असतो. उरलेला भाग रोलिंग, थंड होणे, वेल्डिंग यांतून आत अडकलेल्या रेसिड्युअल स्ट्रेसचा. तो मिलिमीटरमध्ये रूपांतरित करून एकाच आकड्यात घातलेला आहे.

वक्र निवडताना मात्र डोळे उघडे ठेवा. पाइप हॉट-फिनिश्ड असेल तर दोन्ही कोडांत वक्र ए, आणि उत्तर २१६. कोल्ड-फॉर्म्ड असेल तर आयएस ८०० बी देते, म्हणजे तुमचे १९४; युरोकोड ३ सी देते, म्हणजे १७६. त्याच पाइपला अमेरिकन एआयएससीचा एकच वक्र लावला तर २२१ येतात. हे सगळे आकडे सेफ्टी फॅक्टर लावण्याआधीचे. १९४ ला १.१ ने भागले की डिझाइनसाठी १७७ उरतात. कोडांमधला हा फरक पाहून काही जण बिथरतात. मला तो फारसा खुपत नाही, कारण के चुकीचा धरला तर होणारा फरक याच्या कितीतरी पट असतो.

सगळा वेळ द्यायचा तो या के ला, इफेक्टिव्ह लेंग्थला.

पुस्तकातली चित्रे सगळ्यांना पाठ असतात: दोन्ही टोके फिक्स ०.५, एक फिक्स एक हिंज ०.७, दोन्ही हिंज १, तळ फिक्स आणि वर मोकळे २. या चित्रांतला फिक्स आधार कागदावरच असतो. म्हणून डिझाइनसाठी सुचवलेली मूल्ये ०.५ ऐवजी ०.६५ आणि ०.७ ऐवजी ०.८ अशी असतात. चार बोल्टची पातळ बेस प्लेट तर ०.८ च्या लायकीचीही क्वचितच असते. प्लेट वाकते, बोल्ट ताणले जातात, खालचा फुटिंग मातीवर किंचित फिरतो. यातले एक जरी घडले तरी फिक्सिटी गळते. अलाइनमेंट चार्ट (के काढण्याचा आलेख) वापरणारे हिंज पायासाठी जी, म्हणजे कॉलम आणि त्याला धरणारे घटक यांच्या ताठरपणाचे गुणोत्तर, सिद्धांतातला अनंत न घेता १० घेतात आणि फिक्स पायासाठी शून्याऐवजी १ घेतात. वास्तव त्या दोन टोकांच्या मध्ये असते एवढीच त्यात कबुली आहे. बेस प्लेट मोमेंटसाठी मुद्दाम डिझाइन केलेली नसेल, तर मी के = १ घेतो आणि पुढे जातो. ज्याला ०.८ चा फायदा हवा त्याने जाड प्लेट, स्टिफनर आणि फुटिंगचा हिशोब दाखवावा. तो फायदा या कॉलमला १७७ वरून २२७ पर्यंत नेतो, तेव्हा हिशोब करण्याइतका तो मोठा आहे.

पण तळाची फिक्सिटी हा दुय्यम प्रश्न. खरा प्रश्न वरच्या टोकाचा आहे, आणि तुमच्या प्रश्नात त्याबद्दल एक अक्षर नाही: कॉलमचे डोके आडवे सरकू शकते का?

इमारतीत भिंत, क्रॉस ब्रेसिंग किंवा लिफ्टचा शाफ्ट असेल आणि स्लॅबने किंवा आडव्या ब्रेसिंगने तुळई त्याला बांधलेली असेल, तर डोके जागेवर राहते आणि के जास्तीत जास्त १. हीच ती सुरुवातीला म्हटलेली अट. तसे काही नसेल, दोन-चार पाइप आणि वर तुळया एवढेच असेल, तर कहाणी पूर्ण पालटते. तळ फिक्स आणि वर तुळई साधी टेकलेली असेल तर कॉलम जमिनीतून वर आलेला कँटिलिव्हर. के = २, ऑयलर भार ७२, कोडचे डिझाइन मूल्य ५७ किलोन्यूटन. तुमचा भार १५०. तुळई कॉलमला मोमेंट जोडणीने घट्ट जोडली, तळही चांगला फिक्स केला, तरी सरकणाऱ्या फ्रेमला के १.२ च्या खाली धरता येत नाही, आणि मग उत्तर १३६. तेही १५० ला पुरत नाही. तळ आणि वर दोन्हीकडे हिंज आणि ब्रेसिंग नाही, तर तो कॉलम नाहीच, यंत्रणा आहे. तिला भार लावण्याची गरज नाही, ती आधीच पडते.

त्याच पाइपचा, त्याच उंचीचा ऑयलर भार टोकांच्या गृहीतकावर ७२ ते ५९० पर्यंत हिंडतो. आठपट. ई चे मूल्य २००, २०५ की २१० गिगापास्कल घ्यायचे यावर वाद घालणाऱ्यांनी हे दोन आकडे शेजारी लिहून ठेवावेत.

एका गोष्टीकडे फार जणांचे दुर्लक्ष होते, ती म्हणजे टेकून उभे असलेले कॉलम. समजा आठ कॉलमांपैकी सहा दोन्ही टोकांना हिंज आहेत आणि दोनच तळाशी फिक्स. आडवे ब्रेसिंग नाही. सहा हिंज कॉलमांना स्वतःची उभे राहण्याची शक्ती नाही. ते दोघांच्या आधाराने उभे आहेत. त्या दोघांची स्थिरता तपासताना आठही कॉलमांवरचा भार हिशोबात घ्यावा लागतो, फक्त त्या दोघांवरचा नाही. चार्टमधून काढलेला के हे सांगत नाही. संपूर्ण फ्रेमचे सेकंड-ऑर्डर अ‍ॅनालिसिस सांगते, आणि म्हणूनच फ्रेम सरकणारी असेल तर मी के शोधण्यापेक्षा काल्पनिक आडवा भार आणि पी-डेल्टा (डोके सरकल्यामुळे भाराचा वाढणारा मोमेंट) लावून थेट मोमेंट काढणे पसंत करतो.

मध्येच ब्रेसिंग देऊन लांबी निम्मी करण्याचा विचार असेल तर तीन गोष्टी. ब्रेसिंगची ताकद फार लागत नाही. कॉलममधल्या भाराच्या २ ते २.५ टक्के धरण्याची रीत आहे. ताठरपणा मात्र लागतो. मध्यभागी एकच ब्रेस असेल तर आदर्श कॉलमसाठी २ × पी ÷ (ब्रेस ते टोक अंतर) एवढा, आणि वाकड्या कॉलमसाठी त्याच्या दुप्पट. तुमच्या पाइपवर ३०० किलोन्यूटन आणि २ मीटर अंतर धरले तर ६०० न्यूटन प्रति मिमी. एक साधा अँगल हे सहज देतो, जर त्याचे दुसरे टोक न हलणाऱ्या ठिकाणी बांधलेले असेल. रांगेतले पाच कॉलम एकमेकांना बांधले आणि शेवटचा कशालाच बांधला नाही, तर पाचही एकाच दिशेला एकत्र वाकतात. तिसरी गोष्ट दिशेची. गोल पाइप कोणत्याही दिशेला वाकू शकतो, म्हणून एका दिशेचा ब्रेस दुसऱ्या दिशेची लांबी कमी करत नाही.

कागदावर धरलेला आणि जागेवर न मिळालेला ब्रेस किती महाग पडतो याचे उदाहरण म्हणजे अमेरिकेतल्या हार्टफर्ड शहरातल्या सभागृहाचे छत. १८ जानेवारी १९७८ च्या पहाटे, बर्फाच्या भाराखाली, ती प्रचंड स्पेस फ्रेम खाली आली. काही तासांपूर्वीच तिथे हजारो प्रेक्षक बास्केटबॉलचा सामना पाहून गेले होते. वरच्या कॉर्डच्या (वरच्या थराच्या) दाबातल्या दांड्यांना डिझाइनमध्ये मध्यावर जो आधार धरला होता, तो प्रत्यक्ष जोडणीत तितका मिळत नव्हता. त्या काळातल्या आधुनिक संगणकावर केलेले डिझाइन होते ते. संगणकाने त्याला दिलेल्या गृहीतकाचेच उत्तर दिले.

सेक्शनबद्दल आता थोडे. क्षेत्रफळ तेच ठेवून पाइपऐवजी भरीव गोल सळई घेतली तर तिचा व्यास ४४.५ मिमी होतो आणि ऑयलर भार २८९ वरून जेमतेम २४ वर येतो. बारापट घट, स्टील तेवढेच. म्हणून माल मध्यापासून दूर नेणे फायद्याचे. मात्र पाइप फार पातळ केला तर भिंतच सुरकुतते. २५० च्या स्टीलला व्यास भागिले जाडी साधारण ८५ च्या खाली राहिली तर ती भीती नसते. तुमची २५ आहे. आय-सेक्शन असेल तर दुर्बळ अक्षावर तपासा, सिंगल अँगल असेल तर तिरक्या किमान अक्षावर. अँगल, चॅनल आणि अधिक चिन्हासारखे उघडे पातळ सेक्शन पीळ घेऊनही बकल होतात. ऑयलरचे सूत्र त्यांना एकट्याने लावू नका.

जास्त ताकदीचे स्टील वापरू का, असे लगेच विचारले जाते. तुमच्याच पाइपला २५० ऐवजी ३५० चे स्टील दिले तर वक्र बी चे १९४ चे २१४ होतात. ताकद चाळीस टक्के वाढवली, हाती आले दहा टक्के. बारीक कॉलममध्ये पैसे व्यासात घालावेत. अ‍ॅल्युमिनियमचा ई स्टीलच्या साधारण एक तृतीयांश, म्हणजे ऑयलर भारही एक तृतीयांश, मिश्रधातू कितीही ताकदीचा असो.

मधल्या रेंजबद्दल, म्हणजे साधारण ४० ते ९० स्लेंडरनेसच्या कॉलमांबद्दल, इतिहासात बरेच रामायण झाले. एंगेसरने १८८९ मध्ये ई च्या जागी टँजंट मॉड्युलस (त्या ताणाला ताण-विकृती वक्राचा उतार) घालायला सांगितले, मग १८९५ मध्ये टीका झाल्यावर रिड्यूस्ड मॉड्युलस (ई आणि टँजंट मॉड्युलस यांच्या मधला) मांडला, १९१० मध्ये फॉन कार्मानने त्याला बळ दिले, आणि प्रयोगांचे आकडे मात्र हट्टाने टँजंट मॉड्युलसजवळच येत राहिले. का, ते शॅनलीने १९४७ मध्ये सांगितले: कॉलम आधी सरळ राहून मग वाकत नाही, भार वाढत असतानाच तो वाकू लागतो. डिझाइन करणाऱ्याला आज हा वाद कोडच्या वक्रात पचलेला मिळतो.

दोन-चार अँगल किंवा चॅनल लेसिंगने (तिरक्या पट्ट्यांनी) जोडून केलेल्या बिल्ट-अप कॉलमबद्दल मात्र वेगळे सावध राहा. त्यात लेसिंगच्या लवचिकतेमुळे शिअरचे विरूपण वाढते आणि क्रिटिकल भार भरीव सेक्शनच्या हिशोबापेक्षा खाली येतो. २९ ऑगस्ट १९०७ रोजी कॅनडातला क्वेबेक पूल बांधकाम चालू असताना कोसळला आणि ७५ कामगार गेले. खालच्या कॉर्डच्या अवाढव्य दाबाच्या सदस्यांना बांधून ठेवणारे लेसिंग त्यांच्या मानाने फार कमजोर होते. मुख्य पट्ट्यांचे क्षेत्रफळ पाहून कुणालाही ते सदस्य भक्कमच वाटले असते. अशा कॉलमला इफेक्टिव्ह स्लेंडरनेस वाढवून घ्या आणि लेसिंगला आडव्या शिअरसाठी, साधारण भाराच्या २.५ टक्क्यांसाठी, स्वतंत्र डिझाइन करा.

काँक्रीटच्या बारीक कॉलमला ऑयलरच लागतो, फक्त ई गुणिले आय मध्ये तडे आणि क्रीप (कायमच्या भाराखाली हळूहळू वाढणारे विरूपण) यांची वजावट करून. न तडकलेल्या सेक्शनच्या निम्म्याहून कमी ताठरपणा धरणे नेहमीचेच.

प्रत्यक्ष कॉलमचा क्रिटिकल भार तो न मोडता मोजता येतो, हे कमी जणांना माहीत असते. साउथवेलने १९३२ मध्ये दाखवलेली युक्ती: थोडा थोडा भार वाढवत मध्यभागाचे सरकणे मोजायचे, सरकणे भागिले भार उभ्या अक्षावर आणि सरकणे आडव्या अक्षावर मांडायचे. बिंदू सरळ रेषेत येतात आणि तिच्या उताराचा व्यस्तांक म्हणजे क्रिटिकल भार. आडव्या अक्षाला रेषा जिथे छेदते ते सुरुवातीच्या वाकडेपणाचे माप. टोकांची फिक्सिटी खरोखर किती आहे हा वाद जुन्या रचनेवर मिटवायचा असेल, तर पन्नास चर्चांपेक्षा हा आलेख बरा. भार क्रिटिकलच्या बराच खाली ठेवला तर सरकणे इतके लहान असते की मोजमापातली चूकच आलेखावर दिसते, तेवढे सांभाळा.

तर तुमच्या १५० किलोन्यूटनचे काय? डोके आडवे बांधलेले असेल, पाइप कोल्ड-फॉर्म्ड असेल आणि के = १ धरला, तर आयएस ८०० प्रमाणे क्षमता १७७, कॉलम चालतो. युरोकोड ३ च्या वक्र सी च्या १७६ ला तोच १.१ चा भागाकार लावला तर १६० उरतात, म्हणजे काठावर. डोके बांधलेले नसेल तर चालत नाही, आणि सूत्र बदलून चालणारही नाही. ब्रेसिंग द्या किंवा मोठा पाइप घ्या.

अजून एक गोष्ट प्रश्नात नाही: तुळई कॉलमवर बसते कशी. डोक्यावर कॅप प्लेट देऊन मधोमध टेकत असेल तर वरचा निष्कर्ष कायम. पण ती पाइपच्या एका बाजूला क्लीटवर (बाजूला जोडलेल्या छोट्या आधारावर) बसत असेल, तर रिअ‍ॅक्शन पाइपच्या मध्यापासून १०० मिमीच्या आसपास पडते. म्हणजे ज्या ८.६ मिमीवर आपण एवढा खल केला त्याच्या अकरापट विकेंद्रिता. सगळे १५० त्या एकाच तुळईतून येत असतील तर मोमेंट १५ किलोन्यूटन-मीटर होतो, आणि या पाइपची पूर्ण प्लास्टिक मोमेंट क्षमताच १३.६ आहे. तिथे बकलिंगपर्यंत पोहोचण्याआधीच पाइप गेलेला असतो. जोडणीचे ड्रॉइंग काढा, विकेंद्रिता मोजा, अ‍ॅक्सियल भार आणि मोमेंट यांची एकत्र तपासणी करा, आणि तोवर १७७ या आकड्यावर विसंबू नका.